वेगळ्या चुली आणि एक घर

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला वेगळी चूल मांडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक वेळी भांडणच झालेले असते असे नाही. एकीला आमटीत गूळ लागतो, दुसरीला तो खपत नाही आणि एके दिवशी ओसरीच्या कोपऱ्यात दुसरी शेगडी येऊन बसते. खरी अडचण चवीची नसतेच. एक जाऊ माहेरी गेली म्हणजे तिच्या चुलीवर दुसरीला साधा चहा करता येत नाही, कारण कोणत्या डब्यात काय आहे, हे तिचे तिलाच ठाऊक! संगणकाच्या जगात नेमकी हीच अडचण अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सुमारे पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिली. तिच्यातून जे निर्माण झाले ते आजही वापरात आहे, म्हणून तो वृत्तान्त येथे सांगावासा वाटतो.

प्रथम एक खुलासा. येथे ‘एडिटर’ म्हणजे या मासिकाचे संपादक नव्हेत. संगणकावर मजकूर लिहिणे, खोडणे, हलविणे ही कामे ज्या साधनाने होतात, त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२ च्या सुमारास डॅन मर्फी यांनी ‘टेको’ नावाचा असा एडिटर रचला. छिद्रांकित कागदी पट्टीवरचा मजकूर सुधारणे हा त्याचा मूळ उद्देश. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि अतिशय दुर्बोध असत. आपले स्वतःचे नाव आज्ञा म्हणून टाइप केले तर काय उत्पात घडेल, हे ओळखण्याचा खेळ तेथील मंडळी खेळत असत, असे सांगतात.

पुढे १९७० नंतरच्या दशकात त्याच संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी टेकोत एक सोय केली. कोणतीही कळ दाबली असता आपण रचलेली आज्ञावली चालावी, अशी ती सोय होती. अशा आज्ञावलींना ‘मॅक्रो’ म्हणतात. मग काय विचारता! ज्याने त्याने आपापल्या आवडीचे मॅक्रो रचले, त्यांचे संच केले, त्या संचांना नावे दिली. एकाच्या यंत्रावर जी कळ ओळ खोडी, ती दुसऱ्याच्या यंत्रावर भलतेच काही करी. सहकाऱ्याची चूक शोधून देण्यास कोणी त्याच्या यंत्रापाशी बसला, तर त्याच्या बोटांना तेथे काहीच कळेना. सोय वाढली, पण सहवास तुटला.

ही विस्कळीत अवस्था पाहून गाय स्टील यांनी १९७६ साली सर्व संचांचा मेळ घालण्याचे काम अंगावर घेतले. त्यांची रीत आमच्या मनास फार भावली. कोणता संच श्रेष्ठ, हा वाद त्यांनी उकरला नाही. कोणत्या कळेवर कोण काय करतो, हे माणसामाणसांस विचारत त्यांनी तक्ते केले आणि त्यांतून एक समाईक व्यवस्था काढली. आरंभ स्टील यांचा; पुढचे बांधकाम बव्हंशी स्टॉलमन यांचे. त्या वर्षाच्या अखेरीस हा नवा एडिटर चालू झाला आणि त्याचे नाव पडले ‘इमॅक्स’, म्हणजे ‘एडिटिंग मॅक्रोज’चा संक्षेप.

इमॅक्सच्या रचनेतील मर्म असे की, काम आणि कळ यांची तेथे फारकत केलेली आहे. प्रत्येक कामास स्वतंत्र नाव असते. कळ ही केवळ त्याला चिकटविलेली चिठ्ठी. चिठ्ठी हवी तेथे लावा, डबा तोच राहतो. शिवाय कोणती कळ काय करते, हे त्या एडिटरलाच विचारता येते, म्हणजे परक्याच्या चुलीवरही चहा होऊ शकतो. आमच्या वाचकांना हे तत्त्व दुसऱ्या रूपात परिचित आहे. पुण्याहून नातलगांनी धाडलेली निमंत्रणपत्रिका आमच्या इंदुरातील संगणकावर उघडावी आणि देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हांची खिचडी दिसावी, हा अनुभव कोणत्या मराठी घराने घेतला नाही? प्रत्येक अक्षरसंचाने अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले होते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरी अक्षरांना एकच क्रमांक नेमून दिला आणि वळण ज्याचे त्याच्याकडे राहू दिले. अर्थात ही सुधारणा आमच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचण्यास पुढे किती वर्षे लागली, तो विषय निराळा.

स्टॉलमन यांनी इमॅक्स देताना एक अट घातली होती. जो कोणी सुधारणा करील, त्याने ती परत आणून द्यावी, म्हणजे ती सर्वांस मिळेल. सर्व काही एकाच माणसाच्या हाती यावे, ही सक्ती आम्हांस किंचित खटकते. तथापि तशी अट नसती, तर सहा महिन्यांत पुन्हा पहिलाच प्रकार झाला असता, हेही दिसते.

आणि काही अंशी तो झालाच. १९८५ साली आलेल्या ग्नू इमॅक्समधून १९९० नंतरच्या काळात एक शाखा फुटली, ती पुढे ‘एक्सइमॅक्स’ म्हणून ओळखली गेली. तिच्यात उत्तम गुण होते, परंतु दोन्ही घरे पुन्हा एक झाली नाहीत. स्वभावभेद होतेच, शिवाय मुख्य इमॅक्समध्ये भरीव भर घालणाऱ्याने आपला लेखनहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे लेखी सोपवावा लागतो, आणि दुसऱ्या घरातील अनेकांचे तसे कागद झालेले नव्हते. घरे एक करताना सातबाराचा उतारा आड यावा, तशातलाच हा प्रकार.

त्यानंतरची एकत्रीकरणे लहान आहेत, पण बोलकी आहेत. ओळींना क्रमांक दाखविण्याची साधी गोष्ट घ्या. २००९ च्या आवृत्तीत ‘लायनम’ नावाची जोड आली. मोठ्या मजकुरात ती मंद चाले, म्हणून ‘एन-लायनम’ आली. दोन्ही वरून चिकटविलेल्या होत्या. २०१८ साली ही गरज इमॅक्सच्या मूळ गाभ्यातच भागविली गेली आणि वेग आपोआप आला. लायनमला तत्काळ घराबाहेर काढले मात्र नाही. २०२३ च्या आवृत्तीत ती ‘ऑब्सोलीट’, म्हणजे कालबाह्य, ठरली. त्या नावाचा एक कप्पाच तेथे आहे. जुन्या वस्तू आपण आधी माळ्यावर टाकतो, भंगारवाल्यास लगेच देत नाही, तसे.

नावाची चार अक्षरे लिहिताच उरलेले सुचविणाऱ्या जोडांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. प्रथम ‘इस्विचबी’ होती. तिच्यावरून ‘आयडो’ निघाली आणि लोकप्रिय झाली. ‘आयकम्प्लीट’ आधीपासून शांतपणे नांदत होतीच. २०१४ साली इस्विचबी माळ्यावर गेली. आयडोचे काय करावे? तिच्यात असंख्य लोकांची बोटे मुरलेली. वीस वर्षे एका वळणाने चाललेली बोटे शासकीय परिपत्रकाने वळत नाहीत, हे शाळेत आयुष्य काढलेल्या आम्हांस कोणी सांगावयास नको. तेव्हा २०२० च्या आवृत्तीत एक तोड निघाली. आतील यंत्रणा आयकम्प्लीटची आणि वागणूक आयडोची, अशी ‘फायडो’. पाया समाईक, सवय जुनीच. आमच्या मते स्टील यांच्या तक्त्यांची परंपरा येथे शाबूत आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी याच एडिटरवर पोट भरतो. त्याला आम्ही विचारले, ‘‘मग आता तू फायडो वापरतोस?’’

‘‘नाही सर,’’ तो ओशाळून म्हणाला, ‘‘माझी अजून आयडोच आहे. आणि ती काढलेली नाही त्यांनी.’’