कुंभार्ली उतरण्यापूर्वी गिअरची दांडी ऐका

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा. देशावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने कोकणात उतरत आली. कुणी लेकीला सासरी पोचवायला, कुणी परशुरामाच्या दर्शनाला, कुणी मुलाबाळांना गुहागरचा समुद्र दाखवायला. पूर्वी एसटीवाचून गत्यंतर नव्हते. आता पुष्कळ घरांपुढे जीप, पिकअप नाहीतर जुनी मोटार उभी असते. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची, आणि हाताने गिअर टाकायची.

ही गाडी गावात, शिवारात वर्षभर चालते. गिअर टाकताना थोडे ‘खर्र’ होते, दांडी जरा अडते, पण घरातले सगळे म्हणतात, “तिची सवयच आहे तशी.” सपाटीवर हे खपून जाते. कुंभार्लीच्या उतारावर मात्र सारे कुटुंब गाडीत असताना हाच गिअर पडला नाही किंवा पडलेला सुटला, तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. म्हणून या वाटेने जाताना कोठे काय पाहावे आणि गाडीचे काय ऐकावे, ते आज बरोबरच पाहू.

निघण्यापूर्वी, अंगणातच

आधी गिअर का कुरकुरतो हे समजून घ्या. पळत्या बैलाच्या मानेवर जू ठेवता येत नाही; आधी त्याला थांबवावे लागते, नाहीतर त्याच्या बरोबरीने चालावे लागते. गिअरपेटीतही तसेच आहे. एक चक्र इंजिनाच्या वेगाने फिरते, दुसरे चाकांच्या वेगाने. क्लच दाबला म्हणजे इंजिन क्षणभर सुटे होते, आणि पितळी जातीच्या धातूची छोटी कडी दोन्ही वेग सारखे करून देते. या कडीला फिटर लोक ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात. मग दाते अलगद एकमेकांत बसतात. क्लच नीट सुटला नाही किंवा कडी झिजली, की दाते दातांवर आपटतात. तोच तो ‘खर्र’.

आता एक बिनखर्चाची परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करा, हातब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. मग न्यूट्रलमध्ये आणून इंजिन चालू करा, क्लच पुरता दाबा आणि पुन्हा सगळे गिअर टाका. पुढे माणूस किंवा भिंत नाही ना, तेवढे आधी बघा.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर दोष बहुधा गिअरपेटीत नसतो. क्लच पुरता सुटत नसतो. इंजिन बंद असतानाही दांडी अडते, तर दांडीपासून पेटीपर्यंत जाणारी केबल, सळई, तिचे रबरी किंवा प्लास्टिकचे बुश पाहावे लागतील. आणि उभ्या गाडीत सगळे ठीक, पण चालताना एकाच ठरावीक गिअरला ‘खर्र’ होत असेल, तर त्या गिअरची कडी झिजली असे समजावे.

क्लच सुटत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा. पेडलखाली पायपुसणे किंवा जाड मॅट अडकते आणि पेडल तळापर्यंत जातच नाही, हे पुष्कळदा घडते. केबलची गाडी असेल तर केबल ताणून लांबते आणि पेडलचा मोकळा खेळ वाढतो. नटाने ती बसवून घेता येते. तेलावर चालणारा क्लच असेल तर बाटलीतले तेल कमी झाले का, नळीला गळती आहे का, आत हवा शिरली का, ते फिटरकडून पाहून घ्या. दोन-तीनदा भराभर पेडल मारल्यावर गिअर सोपा पडत असेल, तर हवा शिरल्याचा किंवा पंप अशक्त झाल्याचा संशय घ्यावा. एवढे न बघता कुणी एकदम गिअरपेटी खोलायला निघाला, तर त्याला थांबवा.

थंडीत पहाटे निघालात तर पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड पडतो. त्याला भिऊ नका. पेटीतले तेल गारठून दाट झालेले असते. गाडी तापली की तो सुधारतो. तापल्यावरही जडच राहिला, तर तेल कमी आहे, जुने झाले आहे किंवा चुकीचे भरले आहे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल घाला. मागच्या डिफरन्शिअलसाठी आणलेले तेल उरले म्हणून गिअरपेटीत ओतू नका; त्यातली काही द्रव्ये पितळी कड्यांना मानवत नाहीत.

उसाच्या ट्रॉलीमागे

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तेथे हात जोडून पश्चिमेला वळलात, की रस्ता कोयनेच्या खोऱ्याने वर वर जातो. दोहो अंगांना उसाचे मळे. गळिताच्या हंगामात येथे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात, आणि त्यांच्यामागे तुमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते.

येथे पायाकडे लक्ष द्या. अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहण्याची सवय फार वाईट. क्लचची प्लेट घासते, तापते, आणि जळल्याचा उग्र वास येतो. मागे बसलेल्या माउलीला तो वास आधी येतो. तिने सांगितले तर “काही नाही” म्हणून उडवून लावू नका. ट्रॉली दूर जाऊ द्या, मग क्लच पुरता सोडून चला. गिअर बदलून झाला की पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा.

मल्हारपेठ मागे टाकून चढ लागला, की आणखी एक परीक्षा करा. वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही, तर क्लच घसरतो आहे. मघाशी सांगितलेला दोष क्लच न सुटण्याचा. हा क्लच न धरण्याचा. घसरत्या क्लचची गाडी भरल्या माणसांनिशी घाटात नेऊ नये. उतरताना कदाचित जाईल, पण परतीच्या चढावर वाटेतच बसेल.

पाटणच्या बाजारपेठेत गाडी मागे घ्यायची वेळ आली आणि रिव्हर्स टाकताना मोठा ‘खर्र’ झाला, तर लगेच घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ती वेग जुळवणारी कडी नसतेच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मनात तीन आकडे मोजा आणि मग दांडी ओढा. तरीही ‘खर्र’ झाला, तर क्लच सुटत नाही ही शंका पक्की.

कोयनेवर थांबा आणि ठरवा

पाटणच्या पुढे खोरे अरुंद होते. ऊस मागे राहतो, भाताची खाचरे आणि डोंगर जवळ येतात. महाबळेश्वराहून निघून दक्षिणेला वाहणारी कोयना हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. त्या वळणाच्या वरच्या अंगाला कोयनानगर आणि 103 मीटर उंचीचे धरण. मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयात 105 टीएमसी पाणी मावते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे येथे भूकंप झाला. घरे कोसळली, माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले आणि पुढे त्याला जादा काँक्रीटचा आधार देण्यात आला. येथे पावसाळाही साधा नव्हे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो.

येथे उतरा. मुलांना नेहरू उद्यान दाखवा, शिदोरी सोडा. पण शिदोरी सोडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहा. गिअरपेटीच्या बुडाशी ताज्या तेलाचे थेंब आहेत का? असल्यास तेथेच कोणाकडून तरी पातळी तपासून घ्या. तेल काढून पाहायची वेळ आली तर ते बोटावर चोळा. किंचित करडी पूड मुरलेल्या पेटीत असतेच. धातूचे कण किंवा तुकडे हाताला लागले, तर आत काहीतरी तुटले आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. इथवर येताना एकदा तरी गिअर आपोआप सुटून दांडी न्यूट्रलमध्ये आली का? विशेषतः पाय रेसवरून काढल्यावर? दात झिजले, आतली स्प्रिंग थकली किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग तुटले, तर असे होते. दांडीला हाताने दाबून धरून पुढे जाणारे बहाद्दर असतात. तुम्ही तसे करू नका. गिअर सुटणारी गाडी कुंभार्लीत उतरवायची नाही. माणसांना एसटीत बसवा, गाडी तेथेच ठेवा नाहीतर सपाटीने पाटणला परत न्या. लग्नाचा मुहूर्त चुकला तर पाहुणे चार दिवस बोलतील. घाटात गिअर सुटला तर पुढचे कोणी सांगावे?

घाट उतरताना

हेळवाक सोडले की थोड्याच वेळात कुंभार्ली घाटाचा माथा येतो. तेथून रस्ता सुमारे दोन हजार फूट खाली, कोकणच्या तळाशी जातो. वळणामागून वळण, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. पावसाळ्यात धुके इतके दाटते की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेनासा होतो.

जुन्या ट्रकवाल्यांचा नियम ध्यानात ठेवा: ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. गिअर माथ्यावरच टाका, गाडीचा वेग वाढल्यावर नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो. सतत ब्रेक दाबून उतरले तर ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. हा व्यवहार उलटा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये उतरताना रेसवरून पाय काढला, की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत जाते, आणि काही गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते.

समजा, वेग वाढला आणि खालचा गिअर पडेना. दांडीशी झोंबू नका. आधी ब्रेकने वेग उतरवा. मग क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाला किंचित रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि खालचा गिअर टाका. दोन्ही चक्रांचे वेग जुळतात आणि गिअर बसतो. ज्या काळी गाड्यांत वेग जुळवणाऱ्या कड्या नव्हत्या, त्या काळचे ड्रायव्हर असेच गिअर टाकीत. ही युक्ती आधी गावच्या मोकळ्या रस्त्यावर शिकून ठेवा. घाट ही शिकण्याची जागा नव्हे.

खाली पोचल्यावर

घाट संपता संपता पोफळी येते. सह्याद्रीच्या वरचे शिवसागराचे पाणी बोगद्यांतून येथे उतरते, वीज तयार करते आणि वाशिष्ठी नदीला मिळते. कोयना प्रकल्पाची सारी वीजघरे मिळून 1960 मेगावॅटची शक्ती आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला लागणाऱ्या विजेत या पाण्याचाही वाटा आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. मग शिरगाव, अलोरे करीत तुम्ही चिपळुणात येता. हवा दमट होते, नारळी-पोफळी दिसू लागतात, आणि वाटेत दिसलेला शेवटचा ऊस कुठल्या कुठे राहिलेला असतो.

येथे किंवा घरी परतल्यावर फिटरकडे जाल, तेव्हा “गिअर खराब आहे” एवढेच सांगू नका. वैद्याला जसे दुखणे नीट सांगतो तसे सांगा. कोणता गिअर अडतो? गार असताना की तापल्यावर? इंजिन बंद असताना पडतो का? वर टाकताना ‘खर्र’ होते की खाली आणताना? क्लचला वास येतो का, गिअर आपोआप सुटतो का? या उत्तरांनी प्रामाणिक फिटरचे निम्मे काम होते, आणि लबाड असेल तर त्याला नको ते भाग बदलता येत नाहीत. काढलेले जुने भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

बैल लंगडू लागला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. आधी खूर उचलून बघतो. गाडीच्या बाबतीतही तेवढीच माया ठेवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात दहा मिनिटे काढा, आणि मग खुशाल कोकण बघायला जा.