बदक की मोर?

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधी हसलेच. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दंड. घरी मात्र इचलकरंजीची खणखणीत मराठी, तीही यंत्रमागाच्या आवाजावर आवाज चढवून बोललेली. त्यामुळे मला मराठी बोलता येतं जोरात, लिहिता येतं भीतभीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं, की डिसेंबर आला आणि आमच्या लेडीज होस्टेलवर 'डेज'चे वारे सुरू झाले. साडी डे, मिसमॅच डे, ट्रॅडिशनल डे हे नेहमीचेच. यंदा नोटीस बोर्डावर नवीनच काहीतरी लागलं. 'अग्ली स्वेटर नाइट. शनिवारी रात्री आठ वाजता, मेसमध्ये. सर्वांत भयानक स्वेटरला बक्षीस.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'स्वेटर नसेल तर चेहरा चालेल का?'

आमच्या कल्चरल सेक्रेटरीने ज्ञान दिलं. ही परदेशातली ख्रिसमसची फॅशन. २००१ साली आलेल्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' या सिनेमात हीरोच्या अंगात हरणाचं भलंमोठं तोंड विणलेला स्वेटर आहे. २००२ मध्ये कॅनडात, व्हँकुव्हरला दोन मित्रांनी अशा स्वेटरांची पार्टीच ठेवली आणि मग हे फॅड पसरत गेलं. आता तर कंपन्या मुद्दाम वाईट स्वेटर बनवून विकतात. म्हणजे वाईट दिसायलाही पैसे!

पण घालायचं काय? कोल्हापूरची थंडी ती केवढी! सकाळी पहिल्या लेक्चरला कुडकुडायचं आणि अकरा वाजता स्वेटर कमरेला बांधून कँटीनला जायचं. मी आणि माझी रूममेट दर हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी लोकांच्या स्टॉलवर गेलो. कर्नाटकात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. अशा वसाहतींमधले पुष्कळ लोक हिवाळ्याचे महिने गावोगाव स्वेटर विकतात आणि बराचसा माल लुधियानाहून आणतात. स्टॉलवरच्या मावशींना रूममेटने सरळच विचारलं, "आंटी, सबसे खराब वाला दिखाओ ना." त्या आमच्याकडे बघत राहिल्या. मग एकेक स्वेटर उलगडून दाखवत म्हणाल्या, "खराब नहीं है. सब अच्छा है." आम्हाला इतकं ओशाळल्यासारखं झालं की गरज नसताना दोन मोजे घेऊन परत आलो.

येताना मला आठवला माझा बदकाचा स्वेटर.

नववीत असताना माझ्या आत्याने तो विणला. हिरवा, नारिंगी, राणी कलर, मधेच एक राखाडी पट्टा. एक बाही बोटभर लांब. आणि छातीवर एक बदक, ज्याला बहुतेक कावीळ झाली असावी. शाळेत फक्त नेव्ही ब्लू, व्ही गळ्याचा स्वेटर चालायचा, हे कारण मला आयतंच मिळालं. तो स्वेटर कपाटात गेला तो गेलाच. पुढे आत्याच्या बोटांना संधिवात झाला, सुया सुटल्या. तिने विणलेला तो शेवटचा स्वेटर.

"फर्स्ट प्राइझ आपलंच!" रूममेट ओरडली. मी घरी फोन लावला. फोन नेमका आत्यानेच उचलला.

"स्वेटर? कशाला गं बाळ?"

"स्पर्धा आहे आत्या. स्वेटरची."

मी खोटं बोलले नाही, पण अर्धंच बोलले. आत्या दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "बघ, म्या म्हणत हुते न्हवं, कवातरी उपयोगी पडंल!" दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आत्याने तो स्वेटर स्वतः धुतला, उन्हात वाळवला आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की माझा स्वेटर कॉलेजात स्पर्धेला चाललाय.

त्याच रात्री मेसमध्ये अजून एक गोष्ट घडली. आमच्या विंगमध्ये पट्टणकोडोलीकडची एक मुलगी आहे. तिचे आजोबा मेंढरं राखतात. आमच्यातली एक तिला म्हणाली, "तू आजोबांचं घोंगडं गुंडाळून ये, तुलाच बक्षीस!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या मेंढरांची लोकर असते ती. आजी सूत काढते. मग सनगर मागावर विणतात, सुताला चिंचोक्याची खळ लावून. पावसात आजोबांच्या डोक्यावर तेच, रात्री अंगावर तेच. देवाला बसायलाही आम्ही तेच अंथरतो." एवढं बोलून ताट अर्धं टाकून उठून गेली.

मला मेसची आमटी जाईना. घोंगड्याला हसणारी मी आणि उद्या आत्याच्या स्वेटरला हसणाऱ्या सगळ्या, यात फरक काय? कंपनीचा मुद्दाम वाईट बनवलेला स्वेटर घातला तर कुणाचंच काही जात नाही. पण जो कुणीतरी जीव लावून विणला, त्याला 'भयानक' म्हणून स्टेजवर न्यायचं?

जेवण झाल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन सॉरी म्हटलं. ती एम-थ्रीची गणितं सोडवत होती. "बरं," म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. एवढंच. शनिवारी ती आलीही नाही.

शुक्रवारी रात्री धीर करून आत्याला फोन केला. "आत्या, स्पर्धा चांगल्या स्वेटरची नाही. वाईट स्वेटरची आहे." आणि श्वास रोखून धरला.

पलीकडून हसू ऐकू आलं. थांबेचना. "मग पयला नंबर कुठं जातोय! अगं, उरल्या लोकरीचा हाय त्यो. हिरवी तुझ्या बाबांच्या स्वेटरची, राणी कलर तुझ्या आईच्या शालीची, राखाडी आज्जाच्या कानटोपीची. टाके मोजताना बोटं दुखायची, म्हणून बाही चुकली."

"आणि ते बदक?"

"बदक? मोर हाय त्यो!"

आता दोघीही हसत होतो. शेवटी म्हणाली, "घाल तू. पर कुणी इचारलं तर मोर म्हणून सांग."

शनिवारी मी तो घातला. बाही दुमडली नाही. प्रत्येकीला सांगितलं, हा मोर आहे आणि माझ्या आत्याने विणलाय. माझा नंबर दुसरा आला. पहिला नंबर स्वेटरला मेसचे चमचे आणि कांद्याची माळ शिवून आलेल्या मुलीला गेला.

आत्याला कळवलं तर म्हणाली, "दुसरा? परीक्षक कोण हुता?"

आता सकाळच्या लेक्चरला तोच स्वेटर घालते. टोचतो थोडा. साडेदहापर्यंत चालतो, मग कमरेला बांधते. मोर बाहेरच्या बाजूला येईल असा.