करदोडा

आपल्या हॉस्टेलात जाड्या पोराला पहिल्याच आठवड्यात टोपणनाव मिळतं. मेसमध्ये त्यानं चौथी पोळी घेतली की अख्खं टेबल मोजतं. बारक्याला मात्र सगळं माफ. त्यानं गुलाबजामची वाटी दोनदा भरून घेतली तरी वाढणारे मामा म्हणणार, "खा रे बाबा, तुला गरज आहे." मी बारक्यांच्या गटातला, वजन ५८ किलो. हे वाक्य मला आता पाठ झालंय.

माझं गाव दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा. (जिजाऊंचं जन्मगाव आमच्या तालुक्यात, हे सांगितल्याशिवाय आमच्याकडचा माणूस पुढं बोलतच नाही.) गावचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, त्यावर माझ्या काकांचा ठरलेला विनोद असा : "कारखाना बंद झाला, पण मह्या रक्तात चालूच हाय!" काकांना अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२. हातापायाच्या काड्या, फासळ्या मोजून घ्याव्यात. वजन बरोबर म्हणून सगळे निश्चिंत. गोळी घ्यायची आणि दुकानात बसायचं. पँटचा नंबरही वर्षानुवर्षं तोच, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली! खरं काय ते फक्त आजीला माहीत होतं. ती दर दिवाळीला काकांसाठी नवा करदोडा करायची आणि दरवर्षी तो बोटभर लांब करावा लागायचा.

तीन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या हंगामात काकांच्या छातीत दाबल्यासारखं झालं. छत्रपती संभाजीनगरला नेलं, स्टेंट टाकला. तिथल्या डॉक्टरांनी वजनाआधी टेप काढली. कंबर ९७ सेंटिमीटर! भारतीय पुरुषाला नव्वदच्या आत आणि बाईला ऐंशीच्या आत बरी समजतात. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी तर लुकडा माणूस, मले कुठं चरबी?"

हा प्रश्न वेडगळ नाही. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. काकांचा येतो २१.५, म्हणजे एकदम पास. पण त्यात मास कळतं, ते कुठं साठलंय हे कळत नाही. नुसत्या मासवरून मोमेंट ऑफ इनर्शिया काढलं तर आपले सर काय देतील? भोपळा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःवरच दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत कमी पडली, चरबीत मात्र फारशी नाही. म्हणजे 'बारीक पण चरबीवाला' हा नमुना मेसच्या तेलाच्याही आधी, आईच्या पोटातच सुरू होतो.

चिमटीत येते ती कातडीखालची चरबी त्या मानानं गरीब. आतड्यांभोवतीची आतली चरबी खरी खोडसाळ. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्लं यकृतात जातात. मग यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि नको असताना साखर सोडत बसतं. आधीच मधुमेह असलेल्याच्या हृदयावर हा वरचा भार. काटा मात्र ६२ वरच.

उपायही जरा उफराटा आहे. अशा माणसाला नुसतं "वजन उतरवा" म्हणून उपयोग नाही. रक्तातली साखर सगळ्यात जास्त खातात ते स्नायू, आणि तेच त्याच्याकडं कमी. स्टॅनफर्डच्या २०२३ मधल्या एका प्रयोगात बेताच्या वजनाच्या मधुमेहींना चालण्या-पळण्यापेक्षा वजनं उचलण्याचा व्यायाम जास्त लागू पडला. काकांनी डॉक्टरांना विचारून आता दोन-दोन किलोचे डंबेल्स आणलेत. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागं चालू!

टेप नसली तरी अडत नाही. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा, श्वास सोडून बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळा. पोट आत ओढायचं नाही, कॉपी धरली जाईल. टोकं भेटली तर ठीक. आमच्या विंगमध्ये हा प्रयोग सबमिशनच्या आदल्या रात्री झाला. ज्याला आम्ही 'हत्ती' म्हणतो त्याची टोकं कशीबशी भेटली. माझी उंची १६८, कंबर ८६. टोकं दोन बोटं लांब!

दिवाळीत तीच सुतळी घेऊन गावी गेलो. बाबा "कामं पडलीत" म्हणून सटकले. आई हसत हसत तयार झाली, पण आकडा कुणाला सांगायचा नाही या अटीवर. आजी सगळं बघत होती. म्हणाली, "मोजून झालं का? मग आण इकडं ती सुतळी, पोत्याचं तोंड बांधायचं हाय."