काकूचे नख

शाळेत असताना जीवशास्त्रात मला चांगले गुण पडत. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी फुलाची चार मंडले मी न अडखळता म्हणून दाखवी. पुस्तकातली आकृती जास्वंदीची होती. कपाशी जास्वंदीच्याच कुळातली, आणि जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावात ती दाराबाहेर फुललेली असे. हे मात्र माझ्या गावीही नव्हते.

फूल खरे दाखवले ते काकूने. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे जिल्ह्यात बियाण्याचा धंदा वाढला, गावोगाव सीड प्लॉट आले. चौथी शिकलेली काकू पोळा झाला की क्रॉसिंगला जाई. शाळेला सुटी असली की तिचा डबा घेऊन मी शेतात जायची.

उद्या सकाळी उमलणारी कपाशीची कळी तिला आदल्या दुपारीच ओळखू येई. कळीच्या बुडाशी अंगठ्याचे नख फिरवून ती हलकेच पीळ देई, की पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी टोपी उतरावी तशी एकदम निघून येत. आत उरे हिरवी इवलीशी बोंडी आणि तिच्यावर उभी एक पांढरी काडी. "बोंडीला नख लागू देऊ नको बाई, लागलं की गळलीच." मग त्या कळीवर लाल कागदाची खूण. सकाळी नराच्या ओळीतले फूल आणायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळी भुकटी काडीच्या टोकाला घासायची. एका नर फुलात चार-पाच माद्या होतात. ऊन चढायच्या आत हे आटपावे लागते.

"पण आदल्या दिवशीच कामून काढायचं?" मी विचारले.

"उमललं की सोताचंच धरतं ना ते."

स्वपरागणाची व्याख्या मला पाठ होती. कळली ती त्या दुपारी.

बारावीत मेंडेल आला. त्याने 1866 साली छापलेले वाटाण्याचे प्रयोग वाचताना मला अडले नाही. पुंकेसर पिकायच्या आत काढणे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावणे मी पाहिलेले होते. हायब्रीडचे बी ठेवून पुन्हा पेरले तर झाडे एकासारखी एक येत नाहीत, हेही काकू कितीदा बोललेली. वर्गात 3:1 फळ्यावर आले तेव्हा तिचे बोलणे मला पहिल्यांदा नीट समजले.

पदवीच्या पहिल्या वर्षाची फी तिच्या रोजातून भरली गेली. ते पैसे तिने कधी मागितले नाहीत आणि मीही कधी फेडले नाहीत. सकाळ-दुपार वाकून केलेल्या कामाचे ते पैसे होते. जीओटीत, म्हणजे पेरून शुद्धता पाहण्याच्या चाचणीत, बियाणे नापास झाले तर प्लॉटवाल्याचा माल जाई, आणि आधी बोट क्रॉसिंगच्या बायांकडे दाखवले जाई. आपण एवढे बारीक काम करतो याचा अभिमान मी काकूच्या तोंडून कधी ऐकला नाही. मला तो आजही तिच्या वतीने वाटतो, आणि थोडा रागही येतो.

आता मी जालन्यात जीवशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकाला भेंडीच्या कळ्या आणते, कूळ तेच. चिमटे वाटते, पण आधी नखाने करून पाहा म्हणते. बहुतेक मुलांची बोंडी पहिल्यांदा फुटते. एखादीची मात्र सहज सुटते. घरचे काय करतात विचारले की सीड प्लॉट निघतो. मग तिला पुढे बोलावते आणि मी बाकावर बसते.