खेळण्याजोगा की नाही, हे कोणी ठरवायचे?

शिंदखेड्यात गोल्फचे मैदान नाही, आणि आमच्या तालुक्याचे पाऊसमान पाहता ते नसलेलेच बरे. त्यामुळे या खेळाशी माझी ओळख झाली ती वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पुण्यात, थोरल्या बंधूंच्या आजारपणामुळे. दादा सैन्यातून निवृत्त झालेले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय ओढला जातो आणि हातात काठी आली आहे. डॉक्टरांनी सावकाश खेळण्यास अनुमती दिली, तेव्हा सोबतीसाठी वहिनींनी मला बोलावून घेतले. आठवड्यातून दोनदा, ऊन चढण्यापूर्वी, आम्ही येरवड्याच्या मैदानावर जातो. अठरा होलांची पायी फेरी म्हणजे आठ-नऊ किलोमीटरची चाल. आम्ही नऊवर थांबतो.

या खेळात सहसा पंच बरोबर नसतो. विटीदांडूतही नसतो म्हणा. पण तिथे ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल खरा! इथे स्वतःचा दंड स्वतःच सांगायचा. मूळ नियम एकच : चेंडू जिथे पडला असेल, तिथून तो खेळायचा. बाकीची नियमावली म्हणजे या एका नियमाला घातलेल्या मुरडी. पावसाचे पाणी साचले असेल, तर चेंडू उचलून जवळच्या कोरड्या जागी विनादंड सोडता येतो. हरवलेला चेंडू शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी पाच मिळत. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडावा लागे, तो आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. आखडलेल्या खांद्यांना हा नियम विशेष मानवला असेल.

मला सर्वांत आवडला तो झुडपातल्या चेंडूचा नियम. चेंडू काटेरी झुडपात गेला, तर तो खेळण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार केवळ खेळाडूला आहे. सोबत्याला नाही, प्रतिस्पर्ध्यालाही नाही. ‘नाही’ म्हटले, की एका फटक्याचा दंड घेऊन तिथून दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू सोडायचा. घरी दादांबाबत नेमके उलटे चालले होते. जिना चढायचा नाही, गाडीची किल्ली मागायची नाही, हे सारे इतरांनी ठरवलेले. त्यात काळजीच होती. पण दादा दिवसेंदिवस अबोल होत गेले. बुटाची नाडीदेखील ते कोणाला बांधू देत नसत. अर्धा तास लागला तरी चालेल, पण स्वतःच बांधणार.

2023 पासून मुख्य नियमावलीत अपंग खेळाडूंसाठी पंचविसावा नियम समाविष्ट झाला आहे. काठी, कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या खेळाडूसाठी दुसरी व्यक्ती चेंडू उचलू किंवा सोडू शकते. मात्र त्यासाठी खेळाडूची परवानगी लागते. वाळूच्या खड्ड्यात अडकलेला चेंडू बाहेर आणून खेळायचा, तर इतरांना दोन फटक्यांचा दंड, अशा खेळाडूला एकाचा. हे दादांनीच मला वाचून दाखवले, चष्मा पुसत, दोनदा. पुढच्या खेपेस वाळूच्या खड्ड्याशी ते थांबले आणि म्हणाले, “सोड तू. माझी परवानगी आहे.” आजारपणानंतर त्यांनी प्रथमच कोणाला काही करू दिले होते.

सवलत त्यांना चालते, सूट चालत नाही. एकदा सातव्या होलवर त्यांचा फटका चेंडूला लागलाच नाही. मारण्याच्या हेतूने घेतलेला झोका रिकामा गेला, तरी तो फटका मोजला जातो. बॅग वाहणारा मुलगा भला, तो म्हणाला, “सहा झाले, साहेब.” मीही गप्प राहिलो असतो. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने 1925 च्या यूएस ओपनमध्ये, कोणी न पाहिलेल्या चेंडूच्या हालचालीसाठी स्वतःला एक फटका लावून घेतला होता आणि ती स्पर्धा पुढे तो हरला. ही गोष्ट दादांना ठाऊक होती की नाही, मी विचारले नाही.

“सात लिही,” ते मला म्हणाले. “एक वाऱ्याला लागला.”

घरी परतल्यावर दारात बूट काढताना नाडीला गाठ बसली. दादांनी थोडा प्रयत्न केला, मग पाय वहिनींपुढे केला. वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या.

“नियमात बसते,” मी म्हणालो.