खिडकीची लांबी



भोकरला आमच्या घराच्या पूर्वेकडच्या खोलीला सागवानी चौकटीची एक काचेची खिडकी आहे. घर वडिलांनी बांधलेले. खिडकीखालच्या फळीवर माझी बाडे असतात. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे राहून मी उतरून घेतलेली टिपणे, आणि वडिलांच्या हातची दोन बाडे. गेल्या श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पाहतो तो वडिलांच्या एका बाडाची शाई पानोपान फुटलेली. पाणी काचेच्या कडेने आत आले होते. पावसाला बोल लावून काय उपयोग? दोष माझा होता.

बारा वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहातले कीर्तनकार आमच्याकडे उतरणार होते. हाती दोनच दिवस. काचेभोवतीची लांबी भेगाळली आहे हे मला दिसत होते. तिच्यावरूनच ऑइलपेंटचा ब्रश फिरवला. भेगा बुजल्या, खिडकी नवी दिसू लागली, पाहुण्यांनी कौतुकही केले. रंगाखाली लांबी मात्र लाकडापासून सुटतच राहिली. फटीत शिरलेल्या पाण्याला वरच्या रंगामुळे वाळायला वाव राहिला नाही, आणि चौकटीची खालची पट्टी मऊ पडत गेली.

हेच मी नारदाच्या गादीवर उभा राहूनही केले आहे. आता गळा राहिला नाही, तेव्हा सांगायला संकोच कसला! निरूपण चालले असता प्रमाण आठवेनासे झाले की मी टाळकऱ्यांकडे हात करून गजर उचलायचो. मृदंगी हुशार, लगेच लय चढवायचा. श्रोते डोलायचे, मधली फट कोणाला दिसायची नाही. घरी येऊन ते प्रमाण शोधायला हवे होते. पुष्कळदा तेही राहून गेले. सुरुवातीच्या वर्षांत वडील मागे टाळ घेऊन उभे असत. कधी काही बोलले नाहीत. एकदाच, परतताना बैलगाडीत म्हणाले, "आज गजर लवकर लागला."

यंदा वैशाखात खिडकी हाती घेतली. मुलगा म्हणाला, "अण्णा, ॲल्युमिनियमची सरकती बसवू, दोन दिवसांचं काम." त्याचे चूक नव्हते. पण मी ऐकले नाही. दुकानातून पुट्टीची पिशवी आणली आणि पहिल्याच पावलाला चुकलो. ती भिंतीची, पांढऱ्या सिमेंटची. लाकूड उन्हापावसात फुगते, आकसते. त्यावर ती टिकत नाही. खिडकीला लांबी लागते ती खडूच्या भुकटीत जवसाचे तेल घालून मळलेली. जवस म्हणजे आपल्याकडे चटणीचा. त्याचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होते.

शेजारी काम करणारा म्हातारा रंगारी माझी खटपट बघून आला. मी पत्रीने सगळी लांबी खरवडत सुटलो होतो. तो म्हणाला, "महाराज, समदंच कशाला काढायलाव? जे हललं ते काढा, जे बसलं ते राहू द्या." घट्ट बसलेली लांबी उकरायला जाल तर काच तडकते आणि लाकडाची खाचही तुटते. मग त्याने पत्रीच्या मुठीने ठोकून दाखवले. सुटलेली लांबी पोकळ वाजते, बसलेली वाजत नाही. मृदंगाची शाई सुटली की कानाला कळते, तसेच. जुन्या रंगात शिसे असते म्हणून कोरडे घासू दिले नाही. पाणी लावून घासायला लावले आणि नातवाला लांब बसवले.

२०२४ साली पंढरपुरात गाभाऱ्याचे काम निघाले तेव्हा जवळजवळ अडीच महिने पायांवर डोके ठेवता आले नाही. मनातून मी कुरकुरलो होतो. तिथेही नंतर बसवलेला संगमरवर, ग्रॅनाइट काढून मूळचा दगड मोकळा केला होता. 

उघड्या पडलेल्या लाकडाला आधी बेलतेलाचा हात दिला. कोरडे लाकूड लांबीतले तेल पिऊन टाकते आणि वर्षभरात तिला पुन्हा भेगा पडतात. मऊ पडलेली पट्टी सुताराकडून बदलून घेतली. मग लांबी भाकरीच्या पिठासारखी मळून, अंगठ्याने खाचेत दाबत नेली, आणि वरून पत्रीने उतार दिला म्हणजे पाणी थांबत नाही. रंगारी म्हणाला, दोन आठवडे तरी रंगाचे नाव काढू नका, वर साय धरू द्या. रंग लावताना तो लांबी ओलांडून काचेवर गव्हाभर आला पाहिजे, तरच फट बंद होते.

आज नववा दिवस. बोट लावले की अजून ठसा उमटतो. नातू रोज विचारतो, "आजोबा, रंग कधी?" रंगाचा डबा जिन्याखाली तसाच आहे.

सकाळी त्या खिडकीपाशी बसून वडिलांचे भिजलेले बाड नव्या वहीत उतरवतो आहे. काही ठिकाणी पुढचा शब्द कोणता असेल, हे मला अंदाजाने सुचते. तो लिहीत नाही. अक्षर दिसते तेवढेच घेतो, बाकी जागा कोरी सोडतो.