तिसरे दार

"पोरगा नेव्हीत लागला" ही बातमी आपल्या वस्त्यांत पेढे वाटून सांगितली जाते. पवईचा फिल्टरपाडा घ्या, चैतन्यनगर घ्या, नाहीतर शेजारचे कांजूरमार्ग घ्या, नौदल आपल्याला परके नाही. कांजूरला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहतच आहे. कुणी गोदीत फिटर, कुणी भांडारात, कुणी जहाजावर खलाशी. नोकरी कष्टाची आणि मानाची आहे; त्यावर घरे उभी राहिली, मुले शिकली. परंतु समाजकार्य करताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवली. नौदलाला दारे तीन आहेत, आणि आपण ती तिन्ही "नेव्हीत लागला" या एकाच बोलात गुंडाळून टाकतो.

पहिले दार नागरी कामगाराचे. दुसरे खलाशाचे, 2022 पासून ते अग्निवीर म्हणून उघडते आणि चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस जण कायम होतात. तिसरे दार अधिकाऱ्याचे. खलाशालाही परीक्षा देऊन अधिकारी होता येते, पण ती वाट अरुंद आहे. अ‍ॅडमिरल होण्याची वाट सुरू होते ती तिसऱ्या दारातून.

ही वाट किती लांब असते, हे अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या आयुष्यावरून कळेल. जन्म 5 सप्टेंबर 1933, आपल्या मुंबईतल्या माटुंग्याचा. 1949 साली जेमतेम सोळाच्या वयात ते देहरादूनच्या सैनिकी प्रबोधिनीत दाखल झाले आणि 1953 साली अधिकारी झाले. 1971 च्या युद्धात 'आयएनएस बियास' या युद्धनौकेची कमान त्यांच्याकडे होती. बंगालच्या उपसागरातील नाकेबंदीच्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. नोव्हेंबर 1990 मध्ये ते नौदलप्रमुख झाले. हिशेब करा, प्रबोधिनीच्या पायरीपासून त्या खुर्चीपर्यंत एक्केचाळीस वर्षे! निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळा गावी राहून त्यांनी शेती केली आणि भारत-पाकिस्तान शांततेसाठी काम केले. त्यासाठी 2004 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मार्च 2024 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले.

आता ही शिडी पाहू. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर. इथवरच्या पायऱ्या ठरावीक सेवा आणि परीक्षा झाल्या की मिळतात. कमांडर होण्यास तेरा वर्षे लागतात. पुढे कॅप्टन, कमोडोर, रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल आणि शेवटी अ‍ॅडमिरल. इथे निवड मंडळ बसते आणि प्रत्येक पायरीला माणसे गळत जातात. समुद्रावर किती काळ काढला, जहाजाची कमान कशी सांभाळली, वरिष्ठांनी वर्षानुवर्षे काय शेरे लिहिले, सगळे तपासले जाते. वयाचीही मर्यादा आहे. रिअर अ‍ॅडमिरल अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, व्हाइस अ‍ॅडमिरल साठाव्या. म्हणजे ज्याला वरपर्यंत जायचे, त्याने लवकर आत शिरले पाहिजे.

आणि नेमके इथेच आपण हरतो. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा आला. वय वीस, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. म्हणाला, "काका, मला नेव्हीत ऑफिसर व्हायचंय." मुलगा हुशार, अंगाने काटक. पण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. शिवाय नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. दार बंद होऊन गेले तेव्हा त्याला दाराचा पत्ता लागला. बी. कॉम.ला प्रथम वर्ग आणि वर वित्त किंवा लॉजिस्टिक्सची पदव्युत्तर पदविका असेल तर नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेत अल्पकालीन कमिशनसाठी अर्ज करता येतो, हे आम्ही त्याला सांगितले. तो त्या तयारीला लागला आहे. पण युद्धनौकेची कमान त्या शाखेकडे नसते. दोष त्याचा नव्हे. घरात, शाळेत, गल्लीत कुणी सांगणारेच नव्हते.

सैन्य म्हणजे काय हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज लिहून सरकारचे दार ठोठावले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. आज दार कायद्याने कुणाला बंद नाही. मात्र अधिकारी भरतीत राखीव जागाही नाहीत. तिथे गणित आणि इंग्रजीच कामाला येते. एनडीएची लेखी परीक्षा नऊशे गुणांची, त्यात तीनशे एकट्या गणिताचे. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत, मराठीत नाही. पुढे पाच दिवसांची मुलाखत, तिलाही नऊशे गुण.

मुलींच्या आईवडिलांनीही हे वाचावे. नौदलात महिला अधिकारी 1992 पासून घेऊ लागले, म्हणजे रामदास प्रमुख असतानाच. एनडीए 2022 साली मुलींना खुली झाली आणि मे 2025 मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून उत्तीर्ण झाल्या. मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे 'आयएनएस त्रिंकट' या युद्धनौकेची कमान आली. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

तेव्हा मायबापहो, मूल पाचवीत किंवा आठवीत असेल तर साताऱ्याच्या सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. तिथे अनुसूचित जातींना पंधरा टक्के जागा राखीव आहेत. दहावीत असेल तर राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा अर्ज भरा. मुलांसाठी ती छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. बारावीत असेल तर एनडीएचा अर्ज वर्षातून दोनदा निघतो आणि अनुसूचित जातीजमातींना त्याची फी नाही. आयआयटीच्या कुंपणाला लागून आपली घरे आहेत. तिथे जाणारी मुले जी जेईई मेन परीक्षा देतात, तिच्याच गुणांवर नौदलाची बी. टेक. कॅडेट भरतीही होते.

डोळे आजच तपासून घ्या, रंग नीट ओळखता येतात का तेही पाहा. आणि अकरावीचा फॉर्म भरताना, शेजारचा काहीही म्हणो, गणित सोडू नका.